धक्क्यावरचा पब : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात लंडनच्या वॉपिंग भागातल्या 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी' या थेम्सकाठच्या पबची ओळख करून दिली होती. ही जागा १५२० च्या सुमारापासून गुत्ता म्हणून नांदते आहे. एके काळी तिचं नाव 'डेव्हिल्स टॅव्हर्न' होतं. पुढे व्हिटबी बंदरात नोंदलेलं 'प्रॉस्पेक्ट' नावाचं कोळशाचं जहाज शेजारी नांगरून राहायचं, त्यावरून आताचं नाव पडलं. समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या आपल्या गावातून या विषयावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली निवडक घेतली आहेत.

मुलगी लंडनला असते. जूनमध्ये आम्ही दोघं जाणार आहोत. घर माळकरी, पिणं दूरच. तरी तो पब बघता येईल का? गेलो तर काय बघायचं?
– जुळे सोलापूर

जरूर जा. पब म्हणजे 'पब्लिक हाउस', गावाची बैठकच. तिथे कुणी पिण्याचा आग्रह करत नाही. टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका. काउंटरवर जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतः उचलून आणायचा. 'लाइम अँड सोडा' मागा, आपल्या लिंबूसोड्याच्या जवळचं असतं. बटाट्याच्या चिप्स मागवण्याआधी मात्र एक विचारा : त्या माशाच्याच तेलात तळता का? बऱ्याच ठिकाणी कढई एकच असते.

वॉपिंग स्टेशन ओव्हरग्राउंड रेल्वेच्या विंडरश मार्गावर आहे. प्लॅटफॉर्म खोल आणि जिने बरेच, गुडघे दुखत असतील तर आधीच ठरवा. ही गाडी वॉपिंगहून नदीखालून पलीकडे रॉदरहाइथला जाते तो बोगदा ब्रुनेल या इंजिनिअर पितापुत्रांचा, १८४३ मध्ये खुला झालेला. जहाजं चालणाऱ्या नदीखालचा जगातला पहिला. पलीकडे उतरलात तर 'मेफ्लॉवर' पब जवळच आहे. १६२० मध्ये 'पिलग्रिम' म्हणवल्या जाणाऱ्या इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेला नेणाऱ्या त्याच नावाच्या जहाजाचा कप्तान ख्रिस्तोफर जोन्स रॉदरहाइथलाच राहायचा, तिथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्याला पुरलं आहे.

'प्रॉस्पेक्ट'मध्ये आधी पायाखाली बघा. दगडी फरशी हा तिथला सर्वांत जुना भाग मानतात. वरची इमारत आगीनंतर पुन्हा बांधलेली आहे, त्यामुळे १५२० हे साल जागेचं आहे, भिंतींचं नव्हे. मग काउंटरचा माथा बघा. तो प्यूटरचा आहे, म्हणजे मुख्यतः कथलाचा मिश्रधातू. हा धातू मऊ असतो, त्यावर ग्लास आपटला तरी तडकत नाही, पण वर्षानुवर्षांचे पोचे त्यात दिसतात. बोटांनी चाचपून बघा. काउंटर पिंपांवर टेकवलेला आहे.

पबच्या कडेच्या बोळातून 'पेलिकन स्टेअर्स' नदीत उतरतात. खरा ऐवज खाली, पण तो ओहोटीलाच दिसतो. इथे उधाणाला पाणी सहा-सात मीटर, म्हणजे दोन मजले चढतं-उतरतं. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचं वेळापत्रक बघा. काही तक्त्यांत वेळ ग्रिनिचची असते आणि जूनमध्ये लंडनचं घड्याळ एक तास पुढे असतं. लोक इथेच चुकतात आणि तासभर आधीच उतरतात. ओहोटीच्या तळवेळेआधी दीड तास पायऱ्या उतरा आणि तळवेळ झाली की वर या. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. वाळूतला खिळा किंवा मातीच्या चिलमीचा तुकडा दिसला तरी उचलू नका, शोधायला आणि उचलायला परवाना लागतो. वर आल्यावर हात साबणाने धुवा.

काठावर फाशीचा दोर टांगलेला दिसेल. तो अलीकडचा आहे, आठवणीसाठी लावलेला. चाच्यांना फाशी देण्याची जागा, 'एक्झिक्युशन डॉक', याच काठावर होती, नेमकी कुठे यावर एकमत नाही. कॅप्टन किडला २३ मे १७०१ रोजी तिथे फासावर दिलं. पहिला दोर तुटला, म्हणून दुसऱ्यांदा लटकवलं. त्याचा सर्वांत मोठा डल्ला आपल्याच किनाऱ्यावरचा : १६९८ मध्ये मलबारजवळ त्याने 'केदा मर्चंट' हे मालाने भरलेलं जहाज धरलं. याच काठावर 'कॅप्टन किड' नावाचा पबही लागेल. तो जुन्या गोदामात १९८० च्या दशकात सुरू झाला. जुना समजून वेळ घालवू नका.

लेखात 'पबमधूनच खलाशांना काम मिळायचं' असं एक वाक्य होतं. दारूच्या दुकानाचा आणि नोकरीचा काय संबंध? आमचे वडील जुन्या गिरणीत होते, म्हणून विचारतो.
– साखर पेठ

तुम्हाला हे आमच्यापेक्षा लवकर कळेल. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ मध्ये उभी राहिली. पाळीच्या भोंग्याला दारात जमलेल्या बदली कामगारांतून कुणाला आत घ्यायचं, हे जॉबर ठरवायचा. त्याची मर्जी सांभाळावी लागायची, कधी हात ओले करावे लागायचे. वॉपिंगच्या धक्क्यावर तो जॉबर गुत्त्याचा मालक होता, एवढाच फरक.

लंडनचा कोळसा समुद्रमार्गे न्यूकॅसलहून यायचा. जहाज नदीच्या मध्यावर नांगरायचं, कोळसा खाली होडग्यांत उतरवायचा. टोळी नऊ जणांची : चौघे तळात फावड्याने टोपली भरायचे, चौघे वर दोर धरून उडी मारायचे, त्यांच्या वजनाने टोपली वर यायची, नववा ती टोपली धरून ओतायचा. टोळी जमवायचा ठेका घेणाऱ्याला 'अंडरटेकर' म्हणत आणि हे ठेकेदार बहुतेक गुत्तेवाले किंवा त्यांचे मित्र. जो आपल्या गुत्त्यात पितो त्यालाच टोळीत घ्यायचं. फावड्याचं भाडं कापायचं, कामावर पाठवलेल्या बिअरचे पैसे कापायचे, मजुरी शनिवारी रात्री गुत्त्यातच वाटायची आणि वाटप मुद्दाम उशिरा करायचं, म्हणजे वाट बघता बघता आणखी दोन ग्लास होतात. बायको दारात उभी.

१७६८ मध्ये हे फुटलं. कोळसा उतरवणाऱ्या मजुरांनी वॉपिंगशेजारच्या शॅडवेलमधल्या 'राउंडअबाउट टॅव्हर्न'ला वेढा घातला. तिचा मालक जॉन ग्रीन ठेकेदारांचा माणूस होता. रात्रभर बंदुका चालल्या. पुढे सात जणांना फाशी झाली. त्याच वर्षी लंडनच्या खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं उतरवून टाकली, म्हणजे जहाज हलणारच नाही. शीड उतरवण्याला इंग्रजीत 'स्ट्राइक' म्हणत. संपाला 'स्ट्राइक' म्हणतात ते तिथपासून. गिरणगावातल्या माणसाने रोज वापरलेला शब्द थेम्सच्या पाण्यावरून आला आहे. गुत्तेवाल्यांच्या हातून भरती काढून घेणारी कचेरी मात्र १८४३ च्या कायद्याने, म्हणजे पाऊणशे वर्षांनी उघडली.

लांब पल्ल्याच्या खलाशाचा फास वेगळा होता. तो क्रमाने समजून घ्या. वर्ष-दोन वर्षांचा पगार एकदम हातात घेऊन तो उतरतो. धक्क्यावर दलाल उभा असतो, त्याला 'क्रिम्प' म्हणत. तो पेटी उचलतो, खानावळीत नेतो, तिथे गुत्ता खालीच. आठ-दहा दिवसांत पैसे संपतात, पण खाणं-पिणं उधारीवर चालू राहतं. मग दलाल त्याला जहाज मिळवून देतो. सही केली की खलाशाला महिन्याभराच्या पगाराची 'ॲडव्हान्स नोट' मिळते. ती जहाज सुटल्यावरच वटते, आणि खलाशी तर जहाजावर असणार! म्हणून तो ती दलालालाच कमी भावात विकतो, उधारी फेडतो आणि पुढचा महिनाभर फुकट राबतो. खलाशी त्याला 'मेलेला घोडा' म्हणत : घोडा मेला, पण कर्ज राहिलं. १८८० च्या कायद्याने या नोटा बंद केल्या आणि १८८३ च्या कायद्याने गुत्त्यात मजुरी वाटायला बंदी घातली. दारूबंदीच्या व्याख्यानांनी जे शंभर वर्षांत झालं नाही, ते पगार कुठे आणि कसा द्यायचा हे बदलल्याने बरंचसं झालं.

तरी सगळे गुत्तेवाले लुटारू नव्हते. खलाशांची पत्रं, पेट्या, बायकोला द्यायचे पैसे सांभाळणारेही होते. प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कुकने १७६२ मध्ये लग्न केलं ती एलिझाबेथ बॅट्स वॉपिंगच्याच 'बेल' गुत्त्याच्या मालकाची मुलगी. कुक स्वतः व्हिटबीच्या कोळशाच्या जहाजांवर शिकला आणि त्याचं 'एन्डेव्हर' मुळात कोळसावाहू जहाज होतं.

काचेच्या तळाचे पेले म्हणे खलाशी वापरत, कारण नौदलाचे लोक दारूत नाणं टाकून माणूस पकडत. खरं का?
– विजापूर वेस

दुकानात पेला विकताना ही गोष्ट सांगतात. पण राजाचं नाणं घेतलं की भरती झाली, हा रिवाज सैन्याच्या खुशीच्या भरतीचा. नौदलाच्या 'प्रेस गँग'ला खलाशी सक्तीने उचलण्याचा हक्कच होता, त्यांना नाणं लपवायची गरज काय? खरी गोष्ट जास्त वाईट आहे. हे पथक धक्क्यावरचा एखादा गुत्ता भाड्याने घेऊन तिथेच तळ ठोकायचं. खलाशी ओळखायचा तो डांबराचे डाग पडलेल्या हातांवरून आणि हिंदकळत्या चालीवरून.

आमचं परमिट रूम आहे. लेखातली लाकडी पिंपातली बिअर इथे ठेवता येईल का? आणि ती आंबते कशी?
– होटगी रस्ता

पिंपं आता बहुतेक धातूची असतात, पद्धत जुनीच. आपल्याकडे मिळते ती 'केग'मधली बिअर गाळलेली, पाश्चराइझ केलेली, बाहेरून वायू देऊन ढकललेली. इंग्लंडची 'कास्क' बिअर पिंपात जिवंत असते, यीस्ट आत काम करत राहतं. नेहमीचं पिंप 'फर्किन' : ९ गॅलन, म्हणजे ४०.९ लिटर, ७२ पाइंट. एक पाइंट ५६८ मिली.

तळघर ११ ते १३ अंशांवर हवं. पिंप आडवं, घोडीवर, हलणार नाही असं बसवायचं आणि एक-दोन दिवस शांत ठेवायचं. वरच्या बुचात आधी मऊ, सच्छिद्र खुंटी मारायची. तिच्यातून फेस उसळून येतो, तो रोज पुसायचा. फेस थांबला की कडक लाकडाची खुंटी मारायची, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. मग खालच्या तोंडात तोटी लाकडी हातोडीने एकाच ठोक्यात बसवायची. भीतभीत दोन-तीन ठोके मारले की बिअर अंगावर येते आणि तळाचा गाळही ढवळतो. विक्री चालू असताना कडक खुंटी सैल करायची, नाहीतर आत पोकळी होऊन धार थांबते. रात्री ती पुन्हा घट्ट करायची. हे विसरलं की वायू निघून जातो आणि सकाळी बिअर मिळमिळीत.

आंबण्याचं कारण यातच आहे. जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा आत जाते. हवेबरोबर जाणारे जिवाणू दारूचं सिरक्यात रूपांतर करतात. म्हणून उघडलेलं पिंप तीन दिवसांत संपलं पाहिजे. रोज २०-२५ पाइंट खपत नसतील तर फर्किनसुद्धा मोठं पडतं. नळ्या दर आठवड्याला नळी धुण्याच्या द्रावणाने धुवून स्वच्छ पाण्याने खळखळायच्या. बिअर गढूळ येत असेल तर बहुधा पिंप हललं आहे, लोण्यासारखा वास येत असेल तर नळ्या बघा.

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. खोलीत एसी लावून भागणार नाही. वीज दोन तास गेली की यीस्ट पुन्हा चेव धरतं आणि खुंटी उडते. शीतगृहासारखी भिंत आणि जनरेटर असेल तरच विचार करा. आमचं मत विचाराल तर इथे करू नका. आणखी एक : ही बिअर निवळायला 'आयसिंग्लास' घालतात, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. शाकाहारी गिऱ्हाइकाला ते आधी सांगायला हवं.

आपले खलाशी त्या पबमध्ये जात का?
– भवानी पेठ

काही जात. पण बहुतेकांचं जग वेगळं होतं. इंग्रजी जहाजांवरच्या आशियाई खलाशांना 'लास्कर' म्हणत. त्यांत डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, इंजिनात आताच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे, सलूनमध्ये म्हणजे जेवणखाणाच्या कामाला गोव्याचे ख्रिस्ती अशी वाटणी असे. वर मुकादम म्हणून सारंग आणि तांडेल. बरेच जण धर्माने दारू न शिवणारे. शिवाय 'एशियाटिक आर्टिकल्स' या वेगळ्या करारामुळे पगार गोऱ्या खलाशाच्या काही अंशच, खिशात पबपुरते पैसे कुठून येणार? जहाज परतीला लागेपर्यंत ते लंडनच्या थंडीत कोंदट खोल्यांत अडकून पडत, काही मरत. त्यांच्यासाठी १८५७ मध्ये लाइमहाउसला 'स्ट्रेंजर्स होम' उघडलं. त्याला पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांनी ५०० पौंड दिले होते.

मुंबईतही दोन जागा बघण्यासारख्या आहेत. रीगल सिनेमासमोरचं राज्य पोलीस मुख्यालय म्हणजे पूर्वीचं 'रॉयल अल्फ्रेड सेलर्स होम', गोऱ्या खलाशांना गुत्त्यापासून दूर ठेवायला बांधलेलं. पाया १८७० मध्ये घातला, इमारत १८७६ मध्ये पूर्ण झाली, आराखडा बोरीबंदर स्टेशनच्या फ्रेडरिक स्टीव्हन्सचा, आणि देणगी बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांची. मान वर केलीत तर त्रिकोणी शिखरात समुद्रदेव नेपच्यून दिसेल. दुसरी जागा धोबीतलावची : गोव्याच्या खलाशांचे 'कूड'. एका गावाचा एक कूड, अगदी थोडं भाडं, भिंतीला लावलेल्या पेट्या, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून माळ जपायची. दलालाच्या खानावळीला यापेक्षा चांगलं उत्तर आम्हाला माहीत नाही.

ग्रॉग आणि पंच यांत फरक काय? पंच हा शब्द आपल्या 'पाच'वरून आला म्हणतात.
– अशोक चौक

ग्रॉग म्हणजे नुसतं पाणी घातलेली रम. ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल व्हर्नन यांनी १७४० मध्ये हुकूम काढला : अर्ध्या पाइंट रमला एक क्वार्ट, म्हणजे चौपट पाणी, आणि तेही दोन वेळा विभागून. ते 'ग्रोग्रॅम' कापडाचा कोट घालत, त्यावरून नाव पडलं. ब्रिटिश नौदलाचा रमचा रतीब ३१ जुलै १९७० ला संपला, तेव्हा तो पाइंटचा एक अष्टमांश, सुमारे ७१ मिली उरला होता. पंच मात्र मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांचा. आपल्या किनाऱ्यावरच्या इंग्रजांनी सतराव्या शतकात 'पाच'वरूनच हे नाव सांगितलं आहे. काही अभ्यासक ते पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात, पण पाच जिनसांचा हिशेब आम्हाला जास्त पटतो.

आमचा धाकटा डेक कॅडेट म्हणून जहाजावर आहे. लेख वाचून जिवाला घोर लागला. बंदरात उतरल्यावर हे सगळं आजही असतं का?
– एक आई, मजरेवाडी

ताई, तो काळ गेला. आज अडचण उलटी आहे, मुलांना उतरायलाच मिळत नाही. वॉपिंगची गोदी १९६० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. आताची टर्मिनलं गावापासून लांब, आणि कंटेनरचं जहाज कित्येकदा एका दिवसात माल चढवून-उतरवून निघतं. त्यातही कॅडेटची पाळी असतेच.

पिण्याचे नियम कडक आहेत. २०१२ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय मर्यादेप्रमाणे श्वासात लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य चालत नाही. बऱ्याच कंपन्यांनी तर संपूर्ण बंदीच ठेवली आहे आणि अचानक तपासणी होते. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती हाही नियम आहे. पगार आता थेट खात्यात येतो आणि तो ठरावीक वेळी देणं बंधनकारक आहे. नोकरीसाठी मुलाकडून दलालीचे पैसे घेणं २०१३ पासून लागू झालेल्या सागरी श्रम करारात बसत नाही. जहाज लावून देतो म्हणून कुणी लाखांची गोष्ट केली, तर जुना क्रिम्पच आला असं समजा.

त्याला एवढं सांगून ठेवा. उतरण्याआधी ड्यूटी ऑफिसरकडे नोंद करायची आणि परतीची वेळ फळ्यावरून लिहून घ्यायची, कारण सुटण्याची वेळ पुढेमागे होते. खिशात खलाशाचं ओळखपत्र आणि शोअर पास ठेवायचा. कागदावर जहाजाचं नाव, टर्मिनल, धक्का क्रमांक आणि एजंटचा फोन लिहायचा, मोबाइल बंद पडला तरी टॅक्सीवाल्याला तो कागद दाखवता येतो. टर्मिनलच्या आत पायी फिरायचं नाही, गेटपर्यंत व्हॅनच. अमेरिकेत व्हिसा नसेल तर उतरताच येत नाही, तो आधी काढायचा.

बहुतेक मोठ्या बंदरांत 'मिशन टू सीफेअरर्स' किंवा 'स्टेला मारिस' यांचं केंद्र असतं. ही माणसं कोणत्याही धर्माच्या खलाशाला मदत करतात. गेटवरून गाडी पाठवतात, वायफाय देतात, सिमकार्ड मिळवून देतात, चहा पाजतात. मुलाचा फोन आला आणि मागे कॅरमचा आवाज ऐकू आला, तर तो बहुधा तिथे बसला असेल.